वस्तीतील अवजड वाहतूक : धुळ्याच्या रस्त्यांवरील धोका, कायदा आणि उपाय

धुळे - तीन राष्ट्रीय महामार्ग ज्या शहरात एकत्र येतात, तेथे मालमोटारी दिसणारच. धुळेकरांना त्याचे नवल राहिलेले नाही. मात्र महामार्गावरून जाणारी मालमोटार आणि घरासमोरच्या रस्त्यावरून जाणारी मालमोटार यांत मोठा फरक आहे. पहिलीच्या वाटेत इतर वाहने असतात. दुसरीच्या वाटेत सायकलवरून शाळेला निघालेली मुले, दूध आणायला निघालेले ज्येष्ठ नागरिक, भाजीची हातगाडी आणि रस्त्याच्या कडेने चालणारे पादचारी असतात. पदपथ नाही, असला तर त्यावर दुकान थाटलेले, अशा रस्त्यावर २५-३० टनांचे वाहन शिरते तेव्हा चुकीला जागाच उरत नाही.

एखादा बळी गेला की रास्ता रोको होतो, बंदीची मागणी होते, काही दिवस पोलिस उभे राहतात आणि पुन्हा सारे पूर्ववत चालू होते. ही वाहने वस्तीत का येतात, नेमका धोका कशात आहे, कायद्याने कोणाला कोणते अधिकार दिले आहेत आणि कोणते उपाय टिकतात, याची ही माहिती.

महामार्गांच्या संगमावरचे शहर

पांझरा नदीकाठच्या धुळ्याची आखणी १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली. त्या वेळी गावात ४०१ घरे आणि २,५०९ लोक होते, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. सरळ रेषेतील पेठा आणि काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या हे त्या आखणीचे वैशिष्ट्य आजही जुन्या शहरात दिसते. हे रस्ते बैलगाडी, टांगा आणि पायी चालणारा माणूस यांच्या मापाचे होते. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता शहरातूनच जात असे. बाजारपेठेतील मुख्य रस्त्याला आजही 'आग्रा रोड' म्हणतात, ती त्याचीच खूण होय.

पुढे मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि धुळे-सोलापूर हे तिन्ही मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाले. त्यांचे जुने क्रमांक ३, ६ आणि २११ होते. नव्या क्रमांकानुसार नाशिक-धुळे मार्ग ६० क्रमांकाचा, मध्य प्रदेशातून धुळे-चाळीसगावमार्गे सोलापूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा, तर सुरतहून धुळे-जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा ५३ क्रमांकाचा आहे. उत्तर भारत आणि मुंबई, तसेच गुजरात आणि विदर्भ यांच्यातील मालवाहतुकीचा मोठा हिस्सा त्यामुळे धुळ्यावरून जातो.

रेल्वेची साथ मात्र शहराला तुटपुंजीच मिळाली. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० मध्ये सुरू झाला आणि तो धुळ्यालाच संपतो. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो पूर्ण होईपर्यंत उत्तर-दक्षिण मालवाहतुकीसाठी येथे रस्त्याला पर्याय नाही. म्हणजे मालमोटारींची संख्या कमी होईल, या आशेवर शहराला थांबता येणार नाही.

मालमोटार वस्तीत का शिरते?

वस्तीत येणाऱ्या अवजड वाहनांचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात. प्रत्येकाचे कारण वेगळे आहे आणि म्हणून उपायही वेगळा आहे.

पहिला प्रकार केवळ पुढे निघालेल्या वाहनांचा. त्यांना शहरात काम नसते. महामार्ग आता जुन्या शहराला वळसा घालून जात असल्याने यातील बहुतेक वाहने बाजारपेठेत येत नाहीत. तरीही दिशाफलक नसणे, वळणरस्त्यावरील कोंडी, काही किलोमीटरची बचत किंवा पथकर आणि तपासणी चुकविण्याचा मोह यांमुळे काही वाहने आतला रस्ता धरतात.

दुसरा प्रकार शहरातच माल आणणाऱ्या किंवा नेणाऱ्या वाहनांचा. किराणा, सिमेंट, लोखंड, कांदा, कापूस, खते यांची गोदामे आणि घाऊक दुकाने जुन्या वस्तीत किंवा तिला लागून असतात. या मालमोटारीला आत येण्यावाचून गत्यंतर नसते. व्यापाऱ्याला माल दारात हवा असतो आणि हमालीचा दर अंतरावर ठरतो.

तिसरा प्रकार बांधकाम साहित्याच्या डंपरांचा. वाळू, खडी, मुरूम घेऊन ही वाहने थेट नव्या कॉलन्यांत येतात. खान्देशात तापी, गिरणा, पांझरा या नद्यांतील वाळूचा चोरटा उपसा हा जुना प्रश्न आहे. परवाना नसलेली वाळू रात्री किंवा पहाटे वाहिली जाते आणि पथकाला चुकविण्यासाठी मुख्य रस्त्याऐवजी गल्लीबोळ निवडले जातात. येथे वेग आणि भार दोन्ही जास्त असतात. खेप जितकी लवकर टाकली जाईल तितका फायदा, हे त्यामागचे गणित आहे.

चौथा प्रकार थांबलेल्या वाहनांचा. चालक शहरातच राहत असेल, दुरुस्ती करायची असेल किंवा पुढच्या भाड्याची वाट पाहायची असेल, तर मालमोटार घराजवळच्या रस्त्यावर उभी केली जाते. उभे वाहनही निरुपद्रवी नसते. ते रस्त्याची रुंदी खाते, पादचाऱ्याला रस्त्याच्या मध्याकडे ढकलते आणि त्याच्या आडून धावत येणारे मूल समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. रात्री मागील दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेल्या उभ्या ट्रकवर दुचाकी आदळण्याचे प्रकार सर्वत्र घडतात. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब अडतात ते वेगळेच.

वळणरस्ताही शहराच्या पोटात

वस्तीतील वाहतुकीवर बाह्यवळण हा उपाय नेहमी सुचविला जातो आणि तो योग्यही आहे. परंतु बाह्यवळण झाले की त्याच्या कडेने जमिनीला भाव येतो. आधी ढाबे आणि गॅरेज, मग गोदामे, मग मंगल कार्यालये आणि शेवटी निवासी कॉलन्या उभ्या राहतात. पंधरा-वीस वर्षांत शहर रस्ता ओलांडते आणि बाहेरचा रस्ता पुन्हा आतला होतो.

धुळ्यात चाळीसगाव चौफुली आणि पारोळा चौफुली ही नावे आता शहराच्या बोलण्यात सहज येतात. नदीपलीकडचे देवपूर नगावबारीच्या दिशेने वाढले, तर दक्षिणेला मोहाडी उपनगर आणि अवधानची औद्योगिक वसाहत महामार्गाशी जोडली गेली आहे. कामावर जाणारा कामगार, बाजाराला निघालेली गृहिणी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना दिवसातून दोनदा महामार्ग ओलांडावा लागतो. दूरचा प्रवास करणाऱ्या चालकाच्या दृष्टीने तो चौपदरी महामार्ग असतो. कडेला राहणाऱ्याच्या दृष्टीने तो घराजवळचा रस्ता असतो. बहुसंख्य अपघातांचे मूळ या दोन समजुतींच्या टकरीत आहे.

वेग, वजन आणि थांबण्याचे अंतर

केंद्र सरकारने २०१८ मध्ये मालवाहू वाहनांची वजनमर्यादा वाढविली. तीन आसांच्या ट्रकचे एकूण कमाल वजन २५ टनांवरून २८.५ टन, तर मोठ्या जोडवाहनांची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टन झाली. त्याच वर्षी वेगाच्या कमाल मर्यादाही ठरविण्यात आल्या. त्यानुसार मालवाहू वाहनांना चौपदरी रस्त्यावर ताशी ८० आणि महापालिका हद्दीत ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. स्थानिक परिस्थिती पाहून ती याहून कमी करता येते.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर मूल आल्याचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी वाहन १७ मीटर पुढे आलेले असते. भरलेल्या ट्रकचे ब्रेक चांगल्या स्थितीत आहेत आणि रस्ता कोरडा आहे असे धरले, तरी त्यानंतर थांबायला साधारण ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरहून अधिक. हाच ट्रक ताशी ३० किलोमीटरने येत असेल तर एकूण अंतर १७ मीटरच्या आसपास येते. वेग निम्मा केला की थांबण्याचे अंतर एक तृतीयांशावर येते. पन्नास मीटर म्हणजे गल्लीतील सात-आठ घरांची रांग. १७ मीटर म्हणजे दोन-तीन घरे. मूल वाचणे न वाचणे या फरकावर अवलंबून असते.

धडकेचा जोरही वजनाबरोबर वाढतो. २८.५ टनांचा ट्रक ताशी ३० किलोमीटरने येत असताना त्याच्यात जी ऊर्जा असते, ती ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या एक टनाच्या मोटारीच्या सातपट असते. म्हणून 'गाडी हळूच होती' हे समर्थन अवजड वाहनाच्या बाबतीत पुरेसे ठरत नाही.

पादचारी, सायकलस्वार आणि वाहने जेथे मिसळतात तेथे वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ता सुरक्षाविषयक मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यातही हीच मर्यादा नमूद आहे. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे संघटनेचे म्हणणे आहे.

बळी कोणाचे जातात, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीतून स्पष्ट होते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील आणि ३२,८२५ पादचारी होते. शंभरातील ६४ बळी या दोनच गटांतील आहेत. मालमोटारीच्या धडकेत ज्यांच्याभोवती पत्र्याचेही कवच नसते, ते हेच लोक.

चालकाला न दिसणारी जागा

ट्रकचा चालक जमिनीपासून उंचावर आणि उजव्या बाजूला बसतो. केबिनच्या अगदी पुढे, डाव्या दाराखाली आणि मागील हौद्याच्या पाठीमागे असलेले मूल किंवा दुचाकी त्याला आरशात दिसत नाही. वळताना आणखी एक गोष्ट घडते. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत न जाता आतल्या बाजूने वळतात. त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या कडेला थांबलेला सायकलस्वार पुढचा भाग निघून गेल्यावर निर्धास्त होतो आणि मागच्या चाकाखाली सापडतो.

गल्लीत वळायला जागा नसल्याने मालमोटार पुष्कळदा उलटी काढावी लागते. पूर्वी क्लीनर खाली उतरून हात दाखवीत असे. खर्च वाचविण्यासाठी आता अनेक गाड्यांवर चालक एकटाच असतो. अशा वेळी मागे कोण आहे हे पाहणारे कोणीच नसते.

लंडन शहराने या धोक्यावर वेगळा उपाय केला. १२ टनांहून जड मालवाहू वाहनाच्या केबिनमधून चालकाला थेट किती दिसते यावर त्याला श्रेणी दिली जाते आणि किमान श्रेणी नसेल तर सुरक्षा साधने बसवावी लागतात. मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून निकष अधिक कडक झाले. त्याच शहरात १८ टनांहून जड वाहनांच्या रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्यांवर १९८५ पासून नियंत्रण आहे. वाहन कोणत्या मार्गाने न्यायचे हे तेथे परवान्यात ठरते.

पादचारी आणि दुचाकीस्वारांसाठी एक साधा नियम उपयोगी आहे. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर चालकालाही आपण दिसत नाही असे समजावे. थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नये आणि ट्रकच्या नाकासमोरून रस्ता ओलांडू नये.

घाट उतरून येणारा धोका

धुळ्याकडे येणाऱ्या वाटांवर घाट आहेत. मध्य प्रदेशच्या सीमेवर बिजासन, सुरत मार्गावर कोंडाईबारी आणि चाळीसगावच्या पलीकडे औट्रम अर्थात कन्नड घाट. जड वाहन उतारावर सतत ब्रेक दाबत आले की ब्रेकचे ड्रम तापतात आणि पकड कमी होत जाते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर वेग रोखणे हा योग्य मार्ग होय. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक तो मार्गच बंद करतो. भार मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ब्रेक आणखी लवकर हार मानतात.

४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे याचा भीषण प्रत्यय आला. मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. त्याने काही वाहनांना धडक दिली आणि बसथांब्याजवळच्या हॉटेलात तो घुसला. या दुर्घटनेत किमान दहा जणांचा मृत्यू झाला आणि वीसहून अधिक जखमी झाले. मृतांत बसची वाट पाहत उभे असलेले लोकही होते. पुण्यात मुंबई-बंगळूर महामार्गावरील नवले पुलाजवळ, तीव्र उतार आणि लगतची दाट वस्ती अशाच परिस्थितीत, नोव्हेंबर २०२२ मध्ये एका टँकरने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथेच पुन्हा अनेकांचे प्राण गेले.

उतार जेथे संपतो तेथे गावाचा थांबा, चहाची टपरी आणि शाळेचे वळण असणे ही या दुर्घटनांतील समान गोष्ट आहे. ब्रेक निकामी झालेल्या वाहनासाठी वाळूचा चढ असलेली आपत्कालीन मार्गिका वस्तीच्या आधी असणे आणि बसथांबा मुख्य मार्गिकेपासून दूर असणे, हे दोन बदल चालकाच्या कौशल्यावर अवलंबून नसतात.

रस्ता, आवाज आणि धूर

अपघात न होताही अवजड वाहतूक वस्तीचे नुकसान करते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. मोटारीच्या आसावर अर्धा टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन भार धरला, तर ट्रकच्या एका आसाने होणारी झीज मोटारीच्या एक लाख साठ हजार पट ठरते. भार मर्यादेपेक्षा केवळ वीस टक्के जास्त असला तरी झीज दुप्पट होते. कॉलनीतील रस्ता एवढ्या भारासाठी बांधलेला नसतो. तो खचतो, खड्डे पडतात, खालची जलवाहिनी आणि भुयारी गटार फुटते. खड्डा चुकविताना दुचाकीस्वार ट्रकच्या चाकाखाली येतो, तेव्हा त्या खड्ड्याचे मूळ कारण पंचनाम्यात येत नाही.

ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या शंभर मीटर परिसरातील शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. चढावर जोर लावणारे डिझेल इंजिन आणि हवेचा हॉर्न ही मर्यादा सहज ओलांडतात. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केला.

जळगावचा अनुभव

शेजारच्या जळगावचे उदाहरण बोलके आहे. तेथे सुरत-नागपूर महामार्ग शहराच्या मधोमध जात होता आणि दोन्ही बाजूंना शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, वसाहती वाढल्या होत्या. दुचाकी, रिक्षा, सायकल आणि परराज्यांतील कंटेनर एकाच पट्ट्यात धावत. महामार्गाला समांतर रस्ते हवेत, ही मागणी घेऊन नागरिकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्यानंतर खोटेनगर ते कालिंकामाता मंदिर या सुमारे सात किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण झाले आणि काही चौकांत भुयारी मार्ग आले. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी पाळधी ते तरसोद असे बाह्यवळण फागणे-तरसोद चौपदरीकरणाच्या कामात घेण्यात आले.

यातून दोन गोष्टी दिसतात. रस्ता रुंद करणे म्हणजे रस्ता सुरक्षित करणे नव्हे. रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि ओलांडण्याचे अंतरही वाढते. भुयारी मार्ग आणि समांतर रस्ता नसेल तर धोका वाढतोच. दुसरे असे, की मागणी आणि बाह्यवळण यांत एका पिढीचा काळ जातो. त्या काळासाठी तात्पुरत्या पण कठोर व्यवस्थेची गरज असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील पुढील तरतुदी या प्रश्नाशी थेट संबंधित आहेत.

कलम ११२ - राज्य शासन किंवा त्याने अधिकृत केलेला अधिकारी विशिष्ट भागात अथवा रस्त्यावर कमाल मर्यादेपेक्षा कमी वेगमर्यादा ठरवू शकतो.

कलम ११५ - सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्ता वा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन विशिष्ट प्रकारच्या वाहनांना विशिष्ट रस्त्यावर बंदी घालता येते किंवा अटी लावता येतात. बंदी महिन्याहून अधिक काळाची असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. महिन्यापर्यंतच्या बंदीसाठी स्थानिक प्रसिद्धी पुरते.

कलम ११६ - बंदी आणि वेगमर्यादा दर्शविणारे फलक लावण्याची तरतूद. फलकच नसेल तर चालकावरील कारवाई टिकत नाही.

कलम ११७ - स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहनतळ आणि थांबे निश्चित करण्याची तरतूद.

कलम १९४ - २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड. जादा माल उतरविल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. हौद्याबाहेर डोकावणाऱ्या लोखंडी सळ्यांसारख्या मालासाठीही २० हजार रुपये दंड आहे.

कलम १९८-अ - रस्त्याचे संकल्पन, बांधकाम किंवा देखभाल यांत सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, ठेकेदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड.

अधिकार असे विखुरलेले आहेत. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आतले रस्ते महापालिकेकडे, वाहतूक नियंत्रण पोलिसांकडे, भारतपासणी परिवहन कार्यालयाकडे आणि वाळूवरील कारवाई महसूल विभागाकडे. मालमोटार पाच मिनिटांत या सर्वांच्या हद्दी ओलांडून गल्लीत येते; तक्रारीचा कागद मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

मोजमापातून निसटणारा धोका

राष्ट्रीय महामार्गावरील साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले अथवा दहा जणांचा मृत्यू झाला, तर तो 'अपघातप्रवण क्षेत्र' ठरतो आणि तेथे सुधारणेसाठी निधी मिळू शकतो. वस्तीतील रस्त्यांवर अपघात असे एका जागी साचत नाहीत. एक या कॉलनीत, दुसरा त्या चौकात, तिसरा शाळेच्या वळणावर. प्रत्येक घटना एकटी राहते आणि कोणतेही ठिकाण निकषात बसत नाही. थोडक्यात टळलेल्या अपघातांची तर नोंदच होत नाही.

म्हणून रहिवाशांनी स्वतः ठेवलेली नोंद महत्त्वाची ठरते. तारीख, वेळ, वाहनाचा प्रकार व क्रमांक, दिशा आणि काय घडले एवढे पाच रकाने पुरेत. दोन आठवड्यांच्या अशा तक्त्यावरून गाड्या कोणत्या वेळी आणि कोणत्या गोदामाकडे वा बांधकामाकडे जातात हे उघड होते. 'फार ट्रक येतात' या तक्रारीपेक्षा असा तक्ता अधिकाऱ्याला आणि गरज पडल्यास न्यायालयाला अधिक उपयोगी पडतो.

बंदी पुरेशी का नाही?

औट्रम घाटातील अवजड वाहतुकीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार ऑगस्ट २०२३ मध्ये बंदी आली. घाटातील तासन् तासांची कोंडी सुटली, पण वाहने नाहीशी झाली नाहीत; ती नांदगावमार्गे वळली आणि तेथील गावांतून धावू लागली. एका रस्त्यावर बंदी घातली की भार दुसऱ्या रस्त्यावर जातो. शहरातही हेच घडते. मुख्य रस्त्यावर फलक लागला की मालमोटार मागच्या गल्लीतून येते. त्यामुळे बंदी घालताना वाहन कोठून जाईल आणि कोठे थांबेल याचे उत्तर त्याच आदेशात असावे लागते. धुळ्यासारख्या शहरासाठी पुढील उपाय एकत्रितपणे करण्याजोगे आहेत.

मार्ग नकाशा - गोदामे, बाजार आवार आणि औद्योगिक वसाहत यांच्याकडे जाणारे ठरावीक मार्ग निश्चित करावेत. उर्वरित निवासी रस्त्यांवर अवजड वाहनांना मनाई असावी आणि फलक वळणाच्या आधी, रात्री दिसतील असे असावेत.

वेळापत्रक - शाळा भरण्या-सुटण्याच्या आणि कार्यालयांच्या वेळेत माल चढविणे-उतरविणे बंद ठेवावे. मात्र सारा भार मध्यरात्रीवर ढकलला तर झोपेचा आणि डुलकी लागलेल्या चालकाचा प्रश्न उभा राहतो. दुपारची मधली वेळ काही भागांत अधिक योग्य ठरते.

ट्रक टर्मिनल - महामार्गालगत वाहनतळ, वजनकाटा, दुरुस्ती, स्वच्छतागृह आणि चालकांच्या विश्रांतीची सोय असेल तरच गाड्या वस्तीत उभ्या राहणार नाहीत. तेथून शहरात लहान टेम्पोने माल नेता येतो.

वेग रोखणारी रचना - गतिरोधक शास्त्रीय मापाचा हवा. भारतीय रस्ते परिषदेच्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारण वाहतुकीसाठी ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच गोलाकार गतिरोधक सुचविला आहे. रहिवाशांनी स्वतः टाकलेले सिमेंटचे उंच उंचवटे दुचाकीस्वाराला पाडतात, तर भरलेला ट्रक त्यांवर आदळून शेजारच्या घरांना हादरे देतो. चौकाची वळणे आखूड करणे आणि शाळेसमोर पादचारी मार्ग उंचावणे हे अधिक परिणामकारक आहे.

महामार्गालगत सेवा रस्ते - वळणरस्त्यालगत नव्या वसाहतींना परवानगी देतानाच सेवा रस्ता, कुंपण आणि भुयारी मार्गाची जागा राखून ठेवली, तर आजचे बाह्यवळण उद्याचा मृत्यूचा पट्टा होणार नाही.

माल मागविणाऱ्याची जबाबदारी - जादा भार हा केवळ चालकाचा गुन्हा मानला जातो. माल भरणारा, मागविणारा आणि बांधकाम व्यावसायिक यांनाही अटी बांधून घेतल्या, तर खेपांची शर्यत कमी होईल. बांधकाम परवानगीत साहित्य वाहतुकीची वेळ आणि मार्ग नमूद करणे महापालिकेला शक्य आहे.

अपघात झाल्यास

आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याने नाव सांगावे किंवा साक्षीदार व्हावे अशी सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळू शकतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. त्यासाठीचा अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्या स्तरावरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावा लागतो.

वाहतूक बंदीची किंवा वेगमर्यादेची मागणी पोलिस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे, रस्त्याच्या रचनेची मागणी महापालिका आयुक्तांकडे आणि महामार्गावरील सेवा रस्ता वा भुयारी मार्गाची मागणी महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांकडे लेखी करावी. त्याची एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यावी. या समितीच्या बैठकीत हे सर्व विभाग एका टेबलाशी बसतात आणि जबाबदारी एकमेकांकडे टोलविणे तेथे अवघड जाते.

धुळ्याला मालमोटारींपासून सुटका नाही आणि व्यापारी शहराला ती नकोही आहे. शहराला हवा आहे तो मालमोटारीसाठी ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि ठरलेला थांबा. हे तिन्ही ठरेपर्यंत घरासमोरचा रस्ता ओलांडणाऱ्या मुलाची सुरक्षितता अनोळखी चालकाच्या सावधपणावर आणि त्याच्या ब्रेकच्या अवस्थेवर सोडलेली राहील.